सगळ्यांचं एकच लॉगिन

माझ्या धाकट्या बहिणीचा पत्ता आईला सांगायचा नाही, हे आम्ही दोघींनी मिळून ठरवलं होतं. आई वाईट नाही, पण तिच्या पोटात काही राहत नाही. घाटकोपरच्या आमच्या इमारतीखाली कोथिंबीर घेता घेता ती सगळी कर्मकहाणी सांगून येते आणि वर आल्यावर म्हणते, मी कुठे काय बोलले. त्यामुळे बहीण नवऱ्याचं मुलुंडचं घर सोडून पाच वर्षांच्या पोरीला घेऊन निघाली, तेव्हा ती कुठे राहते हे माहेरच्यांपैकी फक्त मला माहीत होतं. मला त्याचा थोडा गर्वही होता. कोणाला काय दिसावं आणि काय दिसू नये हे बघण्याचाच माझा पगार आहे, असं मी तिला म्हणाले होते.

मी मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे. कंपनी म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचा एक गाळा, आम्ही मोजकी माणसं आणि साहेब. खालच्या गाळ्यात बाटल्यांची प्लॅस्टिकची झाकणं बनतात, त्यामुळे आमच्या चहालाही जळका वास येतो. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे रक्त-लघवी तपासणारी एक लॅब. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली अशा तिच्या शाखा आहेत. पेशंटचं नाव, वय, पत्ता, फोन, तपासणी, रिपोर्ट हे सगळं आम्ही जावा या संगणकाच्या भाषेत लिहिलेल्या वेब ॲपमध्ये भरलं जातं. ते ॲप सर्व्हरवर चढवायचं, चालतं ठेवायचं आणि त्यात कोणी कसं शिरायचं ते ठरवायचं, हे माझं काम.

चढवायचं म्हणजे फार थोर काही नाही. सगळा कोड, सगळी पानं एकत्र बांधलेली एक फाइल असते, गाठोडंच म्हणा. जुनं गाठोडं उतरवायचं, नवं त्याच्या जागी ठेवायचं, सर्व्हर पुन्हा सुरू करायचा आणि काळ्या पडद्यावर धावणाऱ्या ओळींकडे बघत बसायचं. लाल काही दिसलं नाही की चहा मागवायचा. जुनं गाठोडं फेकायचं नसतं, बाजूला ठेवायचं असतं. नव्याने दगा दिला तर तेच परत चढवता येतं. पेशंटांची माहिती मात्र वेगळ्या जागी असते, डेटाबेसमध्ये. गाठोडं कोणतंही असो, ती तिथेच राहते.

जुन्या ॲपमध्ये प्रत्येक शाखेला एक नाव आणि एक पासवर्ड होता. मुलुंड शाखेचं नाव मुलुंड. सकाळी जो शटर उघडेल त्याने लॉगिन करायचं आणि मग दिवसभर येईल त्याने त्याच्यावर काम करायचं. कोणत्याही शाखेतून कोणत्याही शाखेचा पेशंट दिसायचा. मी यावरून साहेबांचं डोकं खाल्लं होतं. लॅबमध्ये जाऊन सगळ्यांना समजावलं की पासवर्ड प्रत्येकाचा वेगळा हवा, तर त्यांचे चेहरे पडले. आम्ही काय चोर आहोत का, असं एकीने सरळ विचारलं. आपल्याकडे गावाला जाताना किल्ली शेजारच्या वहिनीकडे ठेवतात आणि परत आल्यावर पिशवीभर आमसुलं देऊन ती परत घेतात. पासवर्डही तसाच चालायचा. मागितला आणि दिला नाही तर माणसं दुखावत.

तरी मी ते करून घेतलं. प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन, फोनवर येणारा ओटीपी, थोडा वेळ कोणी हात लावला नाही तर पान आपोआप बंद, चुकीचा पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकला तर अर्धा तास आत शिरायला मनाई. काउंटरवरच्या माणसाला फक्त आपल्या शाखेचे पेशंट दिसणार, आणि कोणी कोणाचं पान उघडलं याची नावानिशी नोंद राहणार. उन्हाळ्याच्या शेवटी एका रविवारी दुपारी, शाखा बंद झाल्यावर, मी ते चढवलं. एकही लाल ओळ आली नाही. त्या दिवशी मी चहाबरोबर वडापावही मागवला.

आता बहिणीचं सांगते. तिच्या नवऱ्याला मी लग्नानंतर पहिली दोन वर्षं चांगला माणूस समजत होते. माहुलला एका डेपोत सुपरवायझर, बोलायला गोड, आईच्या पाया पडणारा. आधी चापट्या, मग पट्टा. हे आम्हाला फार उशिरा कळलं, कारण ती सांगायची नाही. एकदा त्याने पोरीसमोर तिचं डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं. दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर ती निघाली. मी तिला मरोळ गावठाणात एक खोली बघून दिली आणि आमच्याच वसाहतीत औषधांच्या पॅकिंगमध्ये काम मिळवून दिलं. तो आमच्या घाटकोपरच्या दारात दोनदा येऊन गेला. दुसऱ्या वेळी जाताना म्हणाला, शोधीन तेव्हा बघून घेईन. आईने त्याला पाणी दिलं होतं.

पावसाळ्यात पोरीला डेंग्यू झाला. गावठाणातल्या डॉक्टरांनी सांगितलं, रोज रक्त तपासायचं, प्लेटलेट्स बघायच्या. पोर उभी राहू शकत नव्हती, तेव्हा लॅबचा माणूस घरी येऊन रक्त घेणार होता. त्यासाठी घरचा पत्ता लागणार होता. बहिणीने तोवर शाळेत, कामावर, सगळीकडे माझ्या ऑफिसचाच पत्ता दिलेला. तिने मला फोन केला आणि विचारलं, "ताई, यांना खरा देऊ का?"

तिच्या मनात काय होतं ते मला कळत होतं. त्याच लॅबच्या मुलुंड शाखेत काउंटरवर तिच्या नवऱ्याची चुलत बहीण बसायची. लग्नात तीच हळदीला सगळ्यांत पुढे नाचली होती. पुढे कित्येक वर्षं ती मला फोनवरून ओळखत होती, ताई प्रिंट येत नाही, ताई पान अडकलंय. मी बहिणीला म्हणाले, दे. मरोळ अंधेरी शाखेत येतं, आणि मुलुंडला अंधेरीचा पेशंट आता दिसत नाही. खात्री करून घ्यावी म्हणून त्याच दुपारी मी चाचणीचं एक मुलुंडचं लॉगिन घेऊन बहिणीच्या मुलीचं नाव शोधून बघितलं. काही सापडलं नाही. पोर आठवडाभरात उठून बसली, पेजेवरून भातावर आली. मला फार बरं वाटलं होतं.

त्यानंतर मुलुंडला तो प्रकार झाला. सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला येणाऱ्यांची गर्दी असते. रक्त घेणाऱ्या मुलाने घाईत पासवर्ड चुकवला, पुन्हा चुकवला, आणि त्याचं लॉगिन अर्धा तास बंद पडलं. दुसऱ्याने आपलं उघडून द्यायचं नाही असा नियम मीच घालून दिलेला. तेवढ्यात रांगेत उभे असलेले साखरेचे पेशंट एक आजोबा चक्कर येऊन पडले. कपाळ फुटलं. लॅबच्या मालक डॉक्टरीणबाई आमच्या साहेबांवर फोनवर इतक्या तापल्या की शेजारच्या टेबलावर मला ऐकू येत होतं. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, आजोबा खरोखरच पडले होते.

साहेबांनी मला बोलावून सांगितलं की उद्या सकाळी सगळ्या शाखांत जुनं ॲप पाहिजे. मी वाद घातला. लॉक काढते, वेळ वाढवते, दोन दिवस द्या म्हटलं. निदान शाखेशाखेमधली भिंत तरी राहू द्या म्हटलं, पण ती भिंत नव्या गाठोड्यात होती आणि त्यांना जुनं जसंच्या तसं हवं होतं. खरं कारण मला सांगता येईना. सांगितलं असतं तर बहीण कुठेतरी लपली आहे हे आणखी एकाला कळलं असतं.

"अगं, घरची माणसं आहेत ती सगळी," साहेब म्हणाले. "कोण काय करणार आहे? गणपतीनंतर बघू."

त्या महिन्यात मुंबईत सगळंच गणपतीनंतर असतं. मी जुनं गाठोडं परत चढवलं. चहा यायच्या आत काम झालं. गाठोडं जुनं झालं, माहिती नवीच राहिली, आणि त्या माहितीत माझ्या भाचीचं नाव होतं, पालक म्हणून बहिणीचं नाव होतं आणि मरोळ गावठाणातल्या त्या खोलीचा पत्ता होता.

डेटाबेसचा पासवर्ड माझ्याकडे होता. मी उघडून ती एक ओळ पुसू शकत होते, किंवा पत्त्याच्या जागी काहीबाही लिहू शकत होते. त्या संध्याकाळी माझा हात तिथपर्यंत गेलाही होता. पण चालू माहितीला हाताने हात लावायचा नाही, हा नियम कंपनीत मीच आणलेला, आणि त्यावरून नव्या पोरांना मी फाडून खाल्लेलं. आपल्या बहिणीसाठी तो मोडला तर मला दुसऱ्याला बोलायला तोंड उरणार नव्हतं. ती ओळ मी तशीच ठेवली. यावर मी पुष्कळ विचार केला आहे, आणि तो नियम बरोबर होता असंच मला आजही वाटतं. माझा संताप होतो तो याचाच.

त्या वर्षी गौरी पूर्वा नक्षत्रावर येत होत्या. आमच्या रत्नागिरीकडच्या घरांत याला फार किंमत. नव्या सुनेने पहिला ओवसा भरायचा तो पूर्वाच्या गौरींना. माहेरची सुपं घेऊन, त्यांत फळं, पानं, विडे मांडून गौरीला आणि घरातल्या थोरांना ओवसायचं. तो भरला की सून घराची झाली. पूर्वाच्या गौरी दरवर्षी येत नाहीत. बहिणीच्या लग्नानंतर एकदा आल्या, तेव्हा तिच्या सासरी सुतक होतं. त्यामुळे तिचा ओवसा राहिलेला. तिची सासू हे येता-जाता बोलून दाखवायची. आमच्या आईलाही ते सलत होतं. मुलगी कुठे राहते हे माहीत नसतानाही आईने बाजारातून पाच सुपं आणून हळदीची बोटं ओढून दारामागे ठेवली होती. तासभर जाऊन ओवसा भरून येऊ दे, मग हवं तर नको राहू दे, असं ती मला सुचवून बघत होती. मी तिला दाद दिली नाही.

गणपतीत लॅबमधली निम्मी माणसं गावाला गेली. उरलेले मिळेल त्या काउंटरवर बसत. लॉगिन सगळ्यांचं एकच, कोणाचंच काही अडत नव्हतं. मीही मान्य करते की त्या आठवड्यात मला प्रिंट अडकल्याचा एकही फोन आला नाही.

गौरी आल्या त्या दिवशी दुपारी बहिणीचा नवरा मरोळला आला. हातात नवी साडी आणि पेढ्यांचा पुडा. बहीण कामावर होती. शाळेला सुट्टी असल्याने पोर शेजारच्या वहिनींकडे होती, खोलीची किल्लीही त्यांच्याकडेच. त्याने त्यांना सांगितलं, हिच्या आईला गौरीसाठी घरी न्यायला आलोय. वहिनींना आनंदच झाला. बाई एकटी राहते म्हणून त्या मनातून हळहळायच्या. त्यांनी कुलूप काढून त्याला बसवलं, चहा करून दिला, आणि बाप-लेकीला बोलता यावं म्हणून आपल्या घरात गेल्या. हे सगळं त्यांनीच नंतर मला रडत रडत सांगितलं.

बहीण चारच्या सुमाराला परतली. तो पोरीला मांडीवर घेऊन बसलेला. आधी गोड बोलला, साडी पुढे केली, आईने बोलावलंय म्हणाला. ती नाही म्हणाली. मग त्याने उठून दाराला आतून कडी घातली. वहिनींना आवाज ऐकू आले. नवरा-बायकोचं भांडण आहे, आपण मध्ये कसं पडायचं, म्हणून त्या थांबल्या. त्या किती वेळ थांबल्या ते मी त्यांना विचारलं नाही. दार वाजवलं तेव्हा तो बाहेर पडला आणि चपला घालून शांतपणे निघून गेला. बहिणीचं डावं मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. एका कानाने तिला आजही कमी ऐकू येतं. वहिनींचा फोन आल्यावर मी धावत गेले तेव्हा पोर अजून कॉटखाली होती, आणि तिला बाहेर काढायला मला तिच्या पायांना धरावं लागलं.

पोलिसांत तक्रार झाली, त्याला उचललं, पुढे तो जामिनावर सुटला. ते सगळं चाललंय, चालत राहील. हॉस्पिटलमध्ये मी तिच्याजवळ बसले होते. तिचा ओठ सुजलेला, बोलताना त्रास होत होता. तरी ती बोलली.

"पत्ता तुझ्याशिवाय कोणाला माहीत होता, ताई?"

मी कुणाला सांगितला नाही गं, असं मी म्हणाले. तिने डोळे मिटले. मला वाटतं, तिचा माझ्यावर विश्वास होता. पण सांगितला नाही हे तिला पुरेसं नव्हतं, आणि ते बरोबरच होतं.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला जाऊन सर्व्हरची नोंद उघडली. गौरींच्या आदल्या दिवशी सकाळी कुणीतरी बहिणीचं नाव टाकून शोधलं होतं आणि भाचीचं पान उघडलं होतं. कोणी, तर मुलुंड. जुन्या ॲपला तेवढंच ठाऊक. अख्ख्या मुलुंडने माझ्या बहिणीचा पत्ता बघितला होता. मी तशीच उठले आणि रिक्षा, मेट्रो, पुन्हा रिक्षा करत मुलुंडला गेले.

नवऱ्याची ती चुलत बहीण काउंटरवरच होती. केसांत गौरीचा गजरा, सुकलेला. मला बघून तिचा चेहरा उतरला, पण ती लपली नाही. मी काही विचारायच्या आधीच म्हणाली, "मीच दिला."

मग तिने सांगितलं. काकी, म्हणजे बहिणीची सासू, रोज फोन करून रडायची. पूर्वाच्या गौरी पुन्हा कधी यायच्या, सुनेचा ओवसा राहिला, घर फुटलं. मधले काही महिने हिला दुसऱ्या शाखांचं काही दिसत नव्हतं, आता परत सगळं दिसायला लागलं होतं. त्या सकाळी काउंटर रिकामं होतं, तिने सहज नाव टाकून बघितलं. सापडलं. देवीनेच दाखवलं असं तिला वाटलं. तिने काकीला पत्ता कळवला आणि मानाने बोलावून आणा असं वर बजावलंही. तिला यातून एक पैसाही मिळणार नव्हता. तिला फक्त घर जुळवायचं होतं.

मी विचारलं, "तो मारतो हे तुला माहीत नव्हतं?"

तिने माझ्या खांद्यावरून पलीकडे बघितलं. माझ्या मागे एक बाई मुलाला कडेवर घेऊन उभी होती. मग नवऱ्याची ती बहीण हळू म्हणाली, "थोडंफार सगळ्याच घरांत असतं ना, ताई."

हे बोलताना तिच्या आवाजात काही वाईट नव्हतं. मला तिच्या कानाखाली मारावीशी वाटली, आणि त्याच वेळी कळत होतं की हेच वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे, आईकडून, मावश्यांकडून, शेजारणींकडून. मी काउंटरला धरून उभी राहिले. तिने डोळे पुसले, मागच्या बाईला पुढे बोलावलं आणि मुलाचं नाव, वय, पत्ता विचारून भरायला घेतला. लॉगिन सकाळपासून उघडंच होतं.

लॅबने चौकशी केली. तिने माझ्यासमोर कबूल केलं तसं डॉक्टरीणबाईंसमोरही केलं, पण कागदावर सही द्यायच्या वेळी तिच्या घरच्यांनी तिला अडवलं. मग सगळ्यांनी हात झटकले. नोंदीत नाव शाखेचं, शाखेचं लॉगिन सगळ्यांचं, तेव्हा अमुक एकीने केलं असं सिद्ध होत नाही. तिला ताकीद मिळाली आणि ती तिथेच राहिली. आमच्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावरचे कागद त्यांनी सारखे केले. शेवटी म्हणाले, तू आधी मला सांगायला हवं होतंस. मी म्हणाले, मी तुम्हाला सांगतच होते, फक्त माझ्या बहिणीचं नाव घेतलं नव्हतं. ते माझ्याआधी केबिनमधून बाहेर गेले.

नवं ॲप पुन्हा चढवायला सांगितलं त्यांनी, गणपती विसर्जनाचीही वाट न बघता. लॉकची वेळ कमी केली, रांगेतल्या आजारी माणसांसाठी वेगळी सोय केली, जी मला तेव्हा दोन दिवसांत करून द्यायची होती. एकही लाल ओळ आली नाही. चहा कोणीच मागवला नाही. सोमवारी सकाळी पहिला फोन मुलुंडहून आला.

"ताई, ओटीपी येत नाही."

आवाज तिचाच होता. थांबा, परत पाठवते, असं मी म्हणाले आणि पाठवला. तिने थँक्यू म्हटलं. तेव्हापासून ती मला अधूनमधून फोन करते आणि मी तिचं काम करून देते.

आईला सगळं कळल्यावर ती दोन दिवस जेवली नाही. मग एका सकाळी तिने दारामागची सुपं उचलली आणि खाली नेऊन कचऱ्याच्या डब्याशी ठेवली. वर येऊन मला म्हणाली, माझ्यापासून लपवलंत ना, मग बाहेर गेलं कसं? मी तिला डेटाबेस, गाठोडं, शाखा हे समजावायला सुरुवात केली आणि मध्येच थांबले.

बहीण हॉस्पिटलमधून आमच्याकडे आली, प्लास्टर निघेपर्यंत राहिली. त्या काळात ती कुणाकुणाला फोन करत होती, मला न सांगता. एका सकाळी तिने पिशवी भरली, पोरीला तयार केलं आणि मला दाराबाहेर बोलावलं. म्हणाली, जागा मिळाली आहे, कामही मिळालंय, तिथल्या बायका चांगल्या आहेत. मी कुठे म्हणून विचारलं.

"ताई, रागावू नकोस. तू कुणाला सांगणार नाहीस, माहीत आहे मला. पण तुला माहीत असलं की ते कुठेतरी जातं."

मी रागावले. इतकी रागावले की जाताना मी पोरीचा पापाही घेतला नाही. दिवसभर ऑफिसात तिला मनातल्या मनात बोलत होते, तुझ्यासाठी मी काय काय केलं, आणि मला आईच्या रांगेत बसवलंस. संध्याकाळी नव्या पोरांपैकी एकाने मला विचारलं की सर्व्हरचा पासवर्ड सगळ्यांना का देत नाही आपण, सगळे तर विश्वासातले आहेत. मी त्याला नेहमीचं उत्तर दिलं. विश्वासाचा प्रश्न नाही, ज्याला कामापुरतं लागत नाही त्याला द्यायचं नाही. बोलून झाल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं.

आता ती भेटते. जागा ती ठरवते, दर वेळी वेगळी, माणसांची वर्दळ असलेली. फोन नवीन नंबरवरून येतो. गेल्या वेळी घाटकोपर मेट्रो स्टेशनच्या बाहेर एका हॉटेलात भेटलो. पोर उंच झाली आहे, पुढचे दोन दात पडलेत. मी तिच्यासाठी आईने केलेले रव्याचे लाडू नेले होते. तिने इडली खाता खाता मला चित्रकलेची वही दाखवली, त्यात घर होतं, झाड होतं. मी सहज विचारलं, मावशी विचारते तसं, शाळेत जातेस ना, कुठली गं शाळा तुझी?

तिने चमचा खाली ठेवला. आईकडे बघितलं नाही, माझ्याकडेच बघितलं.

"ते नाही सांगायचं," ती म्हणाली. "तुला पण नाही, मावशी."

बहिणीने तिला दटावलं नाही, आणि मला सॉरीही म्हटलं नाही. मी पोरीला शाबास म्हटलं आणि चटणीची वाटी तिच्याजवळ सरकवली. मग आम्ही उठलो, बाहेर आलो. निघताना काय करायचं ते आमचं ठरलेलं आहे. मी रस्त्याकडे पाठ करून हॉटेलच्या भिंतीकडे तोंड केलं आणि त्या दोघी कुठल्या दिशेने गेल्या ते दिसू नये म्हणून बराच वेळ तशीच उभी राहिले.